खुराड्याचा इतिहास: सिंधुदुर्गातली बेगमी, पावसाची आणि थंडीची

इतिहासाच्या व्याख्यानात किल्ले, बंदरं, देवळं आणि वाडे येतात. आज आम्ही ज्या वास्तूबद्दल बोलणार आहोत ती फार तर कमरेएवढी उंच आहे. तिला शिलालेख नाही आणि तिचा बांधणारा कुणाला ठाऊक नाही. दर दोन-चार वर्षांनी ती मोडते आणि पुन्हा उभी राहते. ती म्हणजे मालवण किनाऱ्यावरच्या घराच्या मागच्या अंगाला असलेलं कोंबड्यांचं खुराडं.

प्रश्न अगदी साधा आहे. परसातली पाच-दहा कोंबडी थंडीच्या दिवसांत सुखरूप राहावी म्हणून खुराड्याची काय तयारी करायची? पण सिंधुदुर्गात हा प्रश्न विचारला की त्याच्या पोटातून दुसरा प्रश्न निघतो. इथली खरी कठीण ऋतूपरीक्षा कोणती, थंडी की पाऊस? आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पहिल्याचं नीट देता येत नाही, असं आमचं म्हणणं आहे.

मालवण साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस इथे तेरा तासांच्या आसपास आणि सगळ्यात छोटा अकरा तासांच्या आसपास. म्हणजे युरोपात जसा हिवाळ्यात उजेडच आटतो आणि कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात, तसं इथे होत नाही. किनाऱ्यावर बर्फ नाही, पाणी गोठत नाही. उलट पाऊस बघा. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि आंबोलीला त्याच्या दुपटीहून जास्त. हा सगळा मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा इथलं खुराडं मुळात पावसासाठी घडलेलं आहे. थंडीची तयारी म्हणजे त्या पावसाळी खुराड्याला दसऱ्यानंतर पुन्हा मोकळं करणं. ही गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सगळं उलगडतं.

कोंबडी आली कुठून?

थोडं मागे जाऊ. सह्याद्रीच्या रानात जी करड्या रंगाची रानकोंबडी दिसते, ती आपल्या परसातल्या कोंबडीची मुख्य पूर्वज नाही. तो मान तांबड्या रानकोंबडीचा आणि तिचं माणसाळणं आग्नेय आशियाच्या बाजूला झालं, असं जनुकांचा अभ्यास सांगतो. २०२२ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने थायलंडमधल्या बान नॉन वाट या जागेवरच्या हाडांवरून हा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५० असा धरला. त्याचं कारणही सांगितलं, ते म्हणजे भात आणि बाजरीसारखी तृणधान्यं. माणसाने दाणा पिकवला, तो सांडला, साठवला, आणि त्या दाण्यामागे रानातला पक्षी वस्तीजवळ आला.

भात पिकवणाऱ्या कोकणी माणसाला हे नवीन वाटायला नको. खळ्यावर झोडणी चालू असते तेव्हा सगळ्यात आधी कोण हजर होतं, हे कुणीही सांगेल.

पण सह्याद्रीच्या रानकोंबडीचाही यात वाटा आहे. २००८ साली संशोधकांनी दाखवून दिलं की पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं जनुक बहुधा या करड्या रानकोंबडीकडून आलेलं आहे. ही रानकोंबडी फक्त भारतातली. म्हणजे जगात कुठेही पिवळ्या पायांची कोंबडी दिसली, तर तिच्या पायांत आपल्या रानाचा थोडा वारसा आहे असं म्हणायला हरकत नाही.

कागदात नसलेली वास्तू

आता अडचण अशी की खुराड्याचा इतिहास लिहायला दप्तरं फारशी मदत करत नाहीत. महसूल शेतावर बसतो, माडावर बसतो, मिठावर बसतो. परसातल्या कोंबडीची नोंद कोण ठेवणार? मग आपल्याला दुसरीकडे बघावं लागतं, आणि सगळ्यात जवळची जागा म्हणजे भाषा.

खुराडं हा शब्द मोल्सवर्थच्या कोशात सापडतो, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. बांबूच्या कामट्यांचं मोठं टोपलं ते डालगं, आणि त्याखाली कोंबडी झाकून ठेवणं म्हणजे डालणं. नुसत्या या एका कामाला मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे, हे बघा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण त्या डालग्यातूनच आलेली. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. मालवणीत नर तो कोंबो. आणि गिरगाव-परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणारा चाकरमानी आपल्या बिऱ्हाडाला काय म्हणायचा? खुराडंच. गावच्या परसातली वस्तू त्याच्या बोलण्यातून मुंबईला गेली.

दुसरी जागा देवधर्माची. गावच्या राखणदाराला कोंब्याची राखण देण्याची रीत अनेक गावांत आजही आहे. त्यामुळे घरात एखादा तरी धडधाकट कोंबो राखून ठेवावाच लागे. खुराडं हे नुसतं अंड्यांसाठी नव्हतं, देवाचं देणंही त्यातूनच जायचं.

तिसरी जागा बंदरांची. १६३० च्या दशकाच्या अखेरीला डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना अन्नपाणी मिळवून देणं हे तिचं एक काम होतं. त्या काळी शिडाच्या जहाजावर ताजं मांस न्यायचं म्हणजे जिवंत जनावरं आणि कोंबड्या न्यायच्या. बंदरालगतच्या गावांतल्या परसाला गिऱ्हाईक असणं ही काही आजची गोष्ट नाही.

घराची सावली

आता वास्तूकडे येऊ. कोकणातलं जुनं घर डोळ्यासमोर आणा. जांभ्या दगडाचा, म्हणजे चिऱ्याचा चौथरा. मातीच्या किंवा चिऱ्याच्या भिंती. वर आधी गवताचं छप्पर किंवा नळे, आणि पुढे मंगलोरी कौलं. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर ही कौलं हळूहळू सगळीकडे पसरली. घराला पुढे पडवी, मागे न्हाणी, बाजूला गोठा किंवा मांगर.

खुराडं या घराची लहानशी नक्कलच असते. खाली चिऱ्यांचा दीड-दोन हात उंच चौथरा किंवा चार खांब, वर बांबूच्या चिव्यांचा सांगाडा, त्यावर उतरतं छप्पर. घर बदललं तसं खुराडं बदललं. घरावरचं गवत गेलं तसं खुराड्यावरचंही गेलं. घरावरून उतरलेली जुनी कौलं खुराड्यावर चढली. कित्येक ठिकाणी तर वेगळं खुराडं नसेच, मांगराच्या किंवा पडवीच्या कोपऱ्यात सोय असे, म्हणजे गुरांची ऊब आणि घराची राखण दोन्ही मिळे.

उंच का बांधायचं? तर तीन कारणं. पहिलं पाणी, दुसरं ओल आणि तिसरं चोर. चोर म्हणजे मुंगूस, कोल्हा, रात्री फिरणारा कांडेचोर आणि अंड्यांसाठी येणारी धामण. पावसात बिळांत पाणी शिरतं तेव्हा हे सगळे कोरड्या जागेच्या शोधात निघतात, आणि परसातली सगळ्यात कोरडी जागा म्हणजे खुराडं.

रोहिणीतलं काम

२५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं आणि कोकणात आगोटीची घाई सुरू होते. आगोट म्हणजे पावसाचं तोंड. त्याआधी लाकूडफाटा, सुकी मासळी, मीठ, डाळी, सगळ्याची बेगमी करायची. घराच्या पश्चिमेच्या भिंतीला झापं बांधायची. माडाची झावळी, मालवणीत चुडत, ती विणून केलेलं झाप. पाऊस इथे नुसता वरून पडत नाही, समुद्रावरून आडवा येतो. नैऋत्येचा वारा त्याला भिंतीवर आपटतो. मातीची भिंत वाचवायची तर झापाला पर्याय नाही.

घराला जे झाप तेच खुराड्यालाही. पश्चिम आणि दक्षिण बाजू झापांनी बंद, तोंड पूर्वेला, वळचण चांगली दीड-दोन हात बाहेर. छपराच्या खाली वरच्या बाजूला मात्र वीतभर फट मोकळी. आत जमिनीवर चूल-राख, भाताचं तूस किंवा सुकं करड. पिसवा होऊ नयेत म्हणून निरगुडीच्या डहाळ्या. कोंबड्यांना बसायला आडवा दांडा.

मग मृग येतो, आर्द्रा येते. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस. एकदा झड लागली की चार-चार दिवस कोंबडी धड बाहेर पडत नाही. अंडी कमी होतात, पिसं झडतात. रवणीवर बसलेली कोंबडी या दिवसांत पिल्लं नीट वाढवू शकत नाही. अंड्यातून पिल्लू यायला एकवीस दिवस, आणि भिजलेल्या पिल्लाला गारठून मरायला एक रात्र पुरते. म्हणून जाणत्या बायका भर पावसात कोंबडी रवणीला बसवायचं शक्यतो टाळत.

हे काम कुणाचं?

आतापर्यंत आम्ही 'बांधायचं', 'करायचं' असं म्हणत आलो. पण कुणी? इथेच या विषयाचा गाभा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रत्नागिरी जिल्ह्यातले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि घरकामाला गेले. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा नव्हता, तो झाला १ मे १९८१ ला. घर चालायचं ते मनीऑर्डरवर, आणि मनीऑर्डर यायची चाकरमान्याच्या नावाने, बहुतेकदा सासऱ्याच्या हातात. शेत कुळाचं किंवा भावकीचं. माड-आंबे घरच्या कर्त्याचे. मग सुनेच्या हातात स्वतःचं असं काय होतं? कोंबडी. अंडी विकून आलेले पैसे, शिमग्याला-गणपतीला चाकरमानी आल्यावर रश्श्यासाठी कापलेला कोंबो, माहेरी जाताना नेलेली तलंग. हा व्यवहार तिचा होता. कुणी तिला हिशोब विचारत नसे, कारण हिशोब ठेवण्याइतकी ती रक्कम मोठी नाही असं सगळे समजत.

त्यात पावसाळ्यात समुद्र बंद. आज मासेमारीबंदी कायद्याने १ जून ते ३१ जुलै असते, पण शिडाच्या होड्यांच्या काळात खवळलेला समुद्रच ती घालत असे. ताजी मासळी नाही, अंडी कमी, हातात पैसा नाही. अशा वेळी एका रात्री कांडेचोराने खुराडं साफ केलं, तर ते नुकसान पाच कोंबड्यांचं नव्हतं. त्या बाईची वर्षभराची स्वतःची कमाई गेली. खुराड्याचं झाप घट्ट बांधलंय की नाही, हे ती का पुन्हा पुन्हा बघते, ते यावरून समजावं.

दसऱ्यानंतर

आता मूळ प्रश्नाकडे, थंडीकडे येऊ. भात कापणीला येतं, हस्ताचा पाऊस गडगडून जातो, आणि दसरा-दिवाळीच्या मध्ये खुराड्याचं दुसरं काम निघतं. पावसाची तयारी म्हणजे बंद करणं असेल, तर थंडीची तयारी आधी उघडण्यापासून सुरू होते.

पहिलं, सगळं बाहेर काढायचं. चार महिने साचलेलं ओलं तूस आणि विष्ठा माडाच्या बुंध्यात जाते, उत्तम खत. खुराडं दोन-तीन कडक उन्हं खात उघडं ठेवायचं. मग चुन्याचा हात. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात, आणि फटींत गोचड्या-उवा. थंडीत कोंबडी मरते ती गारठ्याने कमी आणि पावसाने मागे ठेवलेल्या या घाणीने जास्त.

दुसरं, झापं हलवायची. पावसाळ्यात वारा समुद्राकडून, पश्चिमेकडून. थंडीच्या रात्री तो उलटतो. जमीन लवकर निवते आणि पहाटे घाटाकडून समुद्राकडे वारा सुटतो. आपले मच्छीमार त्याला मतलई म्हणतात, तोच वारा होडी बाहेर काढायला उपयोगी. पण खुराड्याचं तोंड पूर्वेला! म्हणजे हा वारा नेमका दारातून आत येतो. म्हणून पश्चिमेची झापं सोडायची आणि रात्रीपुरतं एखादं झाप किंवा गोणपाट पूर्वेच्या अंगाला, कोंबड्या दांड्यावर बसतात त्या उंचीपर्यंत लावायचं. सकाळी ते काढायचं, की कोवळं ऊन सरळ आत. किनाऱ्यापेक्षा कुडाळ-सावंतवाडीच्या आतल्या गावांत आणि घाटाच्या पायथ्याशी पहाट जास्त बोचरी असते, तिथे हे जास्त गरजेचं.

तिसरं, आणि इथे लोक हमखास चुकतात, वरची फट बुजवायची नाही. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, आणि अंगभर पिसांची गोधडी. ती थंडी सोसते. तिला सोसत नाही ती ओल आणि कोंडलेली हवा. रात्रभर दहा कोंबड्या श्वास टाकतात, विष्ठेतून अमोनियाचा वास सुटतो. खुराडं चारी बाजूंनी प्लास्टिकने गच्च बांधलं की सकाळी आतून थेंब गळताना दिसतात. मग सर्दी, घरघर, सुजलेले डोळे. वारा अंगावर नको, पण हवा डोक्यावरून जायला हवी. ओळखायची खूण सोपी आहे. पहाटे खुराड्याचं दार उघडल्यावर डोळ्यांना झोंबलं, तर हवा कमी पडते आहे.

चौथं, खाली कोरड्या तुसाचा चार-सहा बोटं जाड थर. मधूनमधून तो खालीवर करायचा, ओला झालेला भाग काढायचा. दर कोंबडीला निदान दीड-दोन चौरस फूट जागा. एका कोपऱ्यात राख आणि माती, त्यात त्या स्वतः अंघोळ करतात. पिल्लांना मात्र ऊब लागते, त्यांना रात्री आईसकट डालग्याखाली डालायचं आणि डालग्यावर गोणपाट टाकायचं.

हा काळ खरं तर कोंबडीच्या सुगीचा. शेतात सांडलेला दाणा, किडे, कोरडी जमीन. रवणीला बसवायचे हेच दिवस. जत्रांचा हंगाम याच काळात येतो आणि पाहुणा आला की कोंबडी-वडे ठरलेले. म्हणून थंडीची ही तयारी टाळून चालत नसे.

रोग, लस आणि सुधारित जाती

विसाव्या शतकात खुराड्यात एक नवा पाहुणा आला. १९२६-२७ च्या सुमारास जावा बेटावर, इंग्लंडात न्यूकॅसलला आणि भारतात कुमाऊंमधल्या रानीखेतला एकाच प्रकारचा मरीचा रोग नोंदला गेला. आपल्याकडे त्याचं नावच रानीखेत पडलं. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते आणि खुराडं दोन दिवसांत रिकामं. त्यावरच्या लसीचं काम मुक्तेश्वरच्या संस्थेत झालं. गंमत अशी की ती संस्था १८८९ साली सुरू झाली होती ती पुण्यात, आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलवली गेली. आज पशुवैद्यकीय दवाखान्यात ही लस मिळते, आणि थंडीच्या तोंडाशी ती देऊन घेणं झापं बांधण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

मग सुधारित जाती आल्या, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा आणि हैदराबादची वनराजा. गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देते, या जाती त्याच्या दुप्पट. पण त्या अंगाने जड, झाडावर उडून जीव वाचवणं त्यांना जमत नाही, आणि रवणीला त्या सहसा बसत नाहीत. गावठी कोंबडी अर्धी फणसावर झोपायची. या नव्या कोंबड्यांना भक्कम खुराडं लागतंच. म्हणजे अंडी वाढली तसा खुराड्यावरचा भारही वाढला.

त्यासोबत पुस्तकंही आली. कोंबडीपालनाची छापील विद्या मुख्यतः थंड देशांतली. तिथे तुरा गोठू नये म्हणून त्याला व्हॅसलीन लावतात, दिवे लावून दिवस लांबवतात, भिंतीत ऊब कोंडतात. त्यांच्या ठिकाणी ते बरोबरच आहे. पण तोच सल्ला तसाच्या तसा देवबागच्या किंवा आचऱ्याच्या दमट हवेत आणला, तर खुराड्याचं बाष्पस्नान होतं.

आज काय पणाला लागलंय

शेवटचा मुद्दा. रोहिणीत बांधा आणि दसऱ्याला सोडा, हे वेळापत्रक ऋतू ठरल्या वेळी येतात या भरवशावर उभं होतं. २०१९ साली क्यार वादळ आलं ते ऑक्टोबरच्या अखेरीला, ऐन दिवाळीत, म्हणजे झापं सोडायच्या दिवसांत. २०२१ चं तौक्ते मेच्या मध्यात आलं, रोहिणी लागायच्या आधी, म्हणजे झापं बांधायच्या आधी. २००९ चं फयान तर ११ नोव्हेंबरला. जुन्या पंचांगाच्या दोन्ही टोकांना आता भरवसा राहिलेला नाही. म्हणून आमचं सांगणं असं की पश्चिमेची झापं दसऱ्याला सोडली तरी मोडू नका. गुंडाळून हाताशी ठेवा, आणि छपराचे बंध वर्षभर पक्के असू द्या.

दुसरीकडे, चुडत विणणारे हात कमी झाले. कौलांच्या जागी पत्रा आला. पत्रा दिवसा तापतो, रात्री थंड होतो आणि पहाटे आतून पाझरतो. पत्राच असेल तर त्यावर झावळ्यांचा किंवा करडाचा थर टाका, एवढ्याने फरक पडतो. आणि फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर आसपासच्या परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. त्यानंतर परसातली कोंबडी म्हणजे धोका, असा एक सूर निघाला. आम्हाला वाटतं, स्वच्छ, हवेशीर आणि जंगली पाखरांपासून दाणापाणी झाकलेलं छोटं खुराडं हे त्यावरचं उत्तर आहे, खुराडंच मोडून टाकणं नव्हे.

कारण खुराडं मोडलं की त्याबरोबर वाऱ्याची दिशा, ओलीची ओळख, रवणीचा हंगाम हे सगळं जाणणारी एक पिढीही गप्प होते. तिने कधी काही लिहिलं नाही. तिचं लिखाण म्हणजे पूर्वेकडे ठेवलेलं ते दार आणि छपराखाली सोडलेली ती वीतभर फट. या दिवाळीत गावी गेलात तर परसात जा, खुराड्याचं तोंड कुठे आहे ते बघा, आणि तसंच का, ते घरातल्या जुन्या बाईला विचारा. ती सांगेल ते लिहून ठेवा. आता प्रश्न घेऊ.